शिंदखेडा वगळून

...आणि वर मलाच म्हणतो कसा, "नाना, डोकं चालवायचंच नाही, फक्त एक बटण दाबायचं!" अरे, डोकं न चालवून मी काय तुझ्यासारखा होऊ? तुम्हाला सांगतो, हा प्रशील, पोरगा शिंदखेड्याचा, नोकरीला जळगावात, दिवसभर एक्सेलमध्ये तोंड खुपसून बसणारा! आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यात घुसला, तर म्हणे सगळं डिजिटल करायला. मी मेळाव्याचा अध्यक्ष, असोद्याचा देवचंद, अख्खा समाज नाना म्हणतो मला, आणि हा कालचा पोरगा मला मॅक्रो शिकवतो! मॅक्रो म्हणजे काय रे बाबा? तर, "नाना, मुलीची ओळ निवडायची, बटण दाबायचं, न जुळणारी मुलं मॅक्रो गाळून टाकतो, जुळणारी तेवढी उरतात." गाळून! अहो, पोरं आहेत का चहाची पत्ती?

आता यात माझाही जीव अडकला होता, खोटं कशाला बोलू? आमच्या लेकीचा, दीपमालाचा अर्ज होता त्यात. आणि आमच्या मंडळींची, नर्मदाबाईंची, एकच अट... जावई जवळचा पाहिजे. लेकीची आठवण आली की रिक्षात बसायचं, भेटायचं, दिवे लागायच्या आत परत. बास, एवढंच मागणं होतं बाईचं.

मेळाव्याला हॉल गच्च! त्रिशरण-पंचशील झालं, पाहुण्यांचे सत्कार झाले, आणि हा शहाणा माईकवर, "पहिलं बटण नाना दाबतील, पहिला मान त्यांच्याच मुलीला!" बरं वाटलं हो मलाही, माणूसच आहे. मोठ्या पडद्यावर मुलंच मुलं... असोद्याची, पहूरची, भुसावळची, इंजिनियर, मास्तर, बँकेतला! दाबलं बटण. आणि भर्रकन सगळी गायब! उरलं काय? एकच नाव! प्रशील, मुक्काम पोस्ट तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे. टाळ्या पडल्या हो हॉलमध्ये! मागून एक जण ओरडतो, "नाना, पेढे!"

मी म्हटलं, "अरे, बाकीची पोरं कुठं गेली?" तर म्हणतो, "आहेत नाना, फक्त दिसत नाहीत." वा! नवऱ्यामुलांचंही तसंच चालतं वाटतं, आहे पण दिसत नाही! शेवटी घाम पुसत सांगितलं त्यानं. आमच्यात गावातल्या गावात सोयरीक करत नाहीत, तर यानं मॅक्रोला बजावून ठेवलं, मुलीच्या गावचा मुलगा गाळ. आणि गाव ओळखायचं कशावरून? तर पत्त्यातल्या शेवटच्या शब्दावरून! अरे दीडशहाण्या, आपल्याकडं पत्ता कसा लिहितात? मुक्काम पोस्ट असोदा, तालुका जिल्हा जळगाव! शेवटी जिल्हा येतो रे! झालं, यंत्राच्या लेखी असोदा काय, पहूर काय, एकच गाव, आणि अख्खा जिल्हा एकमेकांचा भाऊबंद! धुळेवाल्यांचा मेळावा वेगळा भरतो, म्हणून धुळ्याचा उरला हा एकटा. "मग तुझं नाव कशाला घातलंस त्यात?" तर कान खाजवत, "टेस्टिंगला टाकलं होतं नाना, काढायचं राहिलं." टेस्टिंगला! माझ्या लेकीसमोर!

म्हटलं, दुरुस्त कर आधी. तिथंच बसून केलं, म्हणाला, "आता फक्त एक बटण दाबायचं." दाबलं, आणि पडद्यावर पोरांची ही रांग! रिक्षाच्या अंतरावरची, एकाहून एक! मी म्हटलं, "दीपमाला, बघ." तर ती म्हणते, "बाबा, पहिलंच बरं होतं." बरं? अगं, चुकलेलं होतं ते! तर म्हणते, "चुकलं, ते भरल्या हॉलमध्ये कबूल केलं ना त्यानं? या रांगेत असा कोण आहे?" घ्या! नर्मदाबाई माहेरच्या बोलीत, "शिंदखेडं कितलं दूर शे ओ!" म्हटलं, चला, ही तरी माझ्या बाजूनं आहे. कसली बाजू? पुढच्या रविवारी तो घरी आला, तर हिनं त्याला वांग्याच्या भरताचा आग्रह केला, आणि मला म्हणते, "पोऱ्या गुणी शे."

लग्न झालं. आणि लग्न होतं न होतं तोच कंपनीनं याला सांगितलं, घरी बसून काम कर. जळगावची खोली सोडली, माझी लेक घेऊन गेला शिंदखेड्याला. आता रिक्षानं जा!

तरी खोड जाते का? परवा आमच्या धाकट्या मुलाच्या, संघपालच्या लग्नासाठी बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या नातेवाइकांची यादी करून दिली, लॅपटॉपवर. "नाना, जे गाव नको ते इथं लिहायचं, फक्त एक बटण दाबायचं!" तो गेल्यावर घरात कुणी नव्हतं. म्हटलं, बघू तर तुझी अक्कल. लिहिलं... शिंदखेडा. दाबलं. भर्रकन! जावई गेला, त्याचे काका गेले, लग्नात मानपानावरून रुसलेली ती त्याची आत्या, तीही गेली! काय शांत वाटलं म्हणून सांगू! निवांत वाचत बसलो... नर्मदाबाई आहे, संघपाल आहे... आणि दीपमाला? परत वाचलं. खालून वर वाचलं. अहो, लेकच नाही! मग ट्यूब पेटली डोक्यात... तिचा पत्ता आता तोच ना!

काय करता? पुसलं शिंदखेडा, दाबलं पुन्हा बटण. आली, माझी लेक आली परत... आणि तिच्या मागोमाग बठ्ठं शिंदखेडा, आत्यासकट!