कवळी तयार आहे

— नाही नाही, बोलू नका काका, आत्ताच सुई टोचलीय, जीभ चावली जाईल — बधिर व्हायला पाच मिनिटं लागतात, तोवर आ करून पडून राहा. मी आहे ना बोलायला! ते पुस्तक कसलं म्हणून बघताय? जीवाश्मांचं. दोन पेशंटांच्या मधे वाचतो. तुमच्या-माझ्या या जबड्याची गोष्ट आहे त्यात, अगदी माशांपासूनची — माशाच्या कल्ल्यांना आधार देणारी हाडं पुढे सरकत गेली, त्यांचा जबडा झाला. कोट्यवधी वर्षं लागली हो! आणि लोक इथं येऊन म्हणतात, डॉक्टर, पटकन करा.

लहानपणीही मी हेच वाचायचो. तुम्हाला सांगायला नको, तुम्ही बाबांचे तेव्हापासूनचे मित्र — तुमच्यादेखतच त्यांनी माझी अकरा पुस्तकं रद्दीवाल्याच्या तराजूत टाकली. मी उत्खननाला जाणार होतो. ते म्हणाले, मेलेल्यांचे दात मोजून कुणाचं पोट भरलंय? जिवंत माणसांचे उपट. तुम्ही हसला होतात. हो — हसला होतात काका, हातात कप होता तुमच्या. असो. झालो मी दातांचा डॉक्टर. माझी काही तक्रार नाही.

तर काय सांगत होतो — यात एक कवटी आहे. म्हाताऱ्याची, लाखो वर्षांपूर्वीची. तोंडाचं पार बोळकं, आणि दातांच्या खोबणी हाडानं भरून आलेल्या — म्हणजे दात पडल्यावरही म्हातारा वर्षानुवर्षं जगला. कसा जगला? कुणीतरी त्याला मऊ करून भरवलं असणार, असं लेखक म्हणतो. माया म्हणे तिथून सुरू झाली! पानभर पाझर फुटलाय त्याला. मी म्हटलं, बघू तरी. बाबांचे उरलेसुरले दात मीच काढले ना — आठ महिने झाले. कवळी? कवळी तयार आहे. केव्हाचीच तयार आहे, त्या दुसऱ्या खणात. माप चोख घेतलंय, छान बसेल. रोज विचारतात, आली का रे? मी म्हणतो, लॅबवाले उशीर करतायत. असे काय डोळे वटारता! उपाशी नाही ठेवलेलं — सूप आहे, दूध आहे. आमची ही आधी सगळं कुस्करून द्यायची, ते मी बंद करायला लावलं. अकरा किलो वजन उतरलं त्यांचं. आणि गेल्या महिन्यात उतरायचं थांबलंच! मी चक्रावलो. यांना खायला घालतंय कोण?

खिशातून बिस्किटं आणता तुम्ही, काका. रोज चार वाजता, गप्पा मारायच्या निमित्तानं. उकडलेलं अंडं आणता, केळं आणता, चमच्यानं मोडून मोडून भरवता, तोंड पुसता — जिन्यातून पाहिलंय मी. मला फार लागलं ते. मला वाटलं होतं, त्यांना कुणीच नसेल.

आणि आज तुम्ही म्हणे दाढ दुखते म्हणून आलात. कवळीचं विचारायला बाबांनी पाठवलं, हो ना? सरळ विचारायचा संकोच, म्हणून दाढेचं निमित्त — नुसती तपासा म्हणालात, मी सुई टोचली. मान हलवू नका. इथं दाबलं तर कळतंय? नाही? छान. दाढ ठणठणीत आहे हो तुमची. या वयात अशी दाढ बघायलासुद्धा मिळत नाही — किडीचा ठिपका नाही, जरा म्हणून हलत नाही. पण पेशंट दुखते म्हणतो, तर मी कोण नाही म्हणणारा? हात खाली. हात खाली घ्या, काका. आता कडकन आवाज येईल, घाबरायचं नाही —

झालं. हा बोळा घट्ट दाबून धरा, अर्धा तास तोंड उघडायचं नाही. दोन दिवस गरम काही घेऊ नका. आणि चार वाजता यायची तसदी आता नको, बाबांना मी सांगेन, काकांना कंटाळा आला म्हणून. — उठा. बाहेर लोक खोळंबलेत.