मडक्यातला गूळ

चहात गूळ घातलात म्हणून आठवलं. एम.एस्सी.ला माझा प्रबंध गुळावरच होता. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटू नये म्हणून काय करावं, हा विषय. मंगळवार पेठेतल्या आमच्या सोप्यात मी गुळाची दोन मडकी ठेवली होती, एक साधं आणि एक आतून लाखेचा लेप दिलेलं.

गणपतीपर्यंत साध्या मडक्यातल्या गुळाचा काकवीसारखा चिखल झाला. लाखेच्या मडक्यातला मात्र खडखडीत, पिवळाजर्द. मी लाखेवर पानंच्या पानं लिहिली.

प्रबंध तपासायला मुंबईहून परीक्षक आले. म्हणाले, मडकं डोळ्यांनी बघतो. त्यांना घरी आणलं. उन्हातून आलेला पाहुणा, म्हणून आईनं रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढं केला. खडा काढला लाखेच्या मडक्यातून!

मी ओरडलो, "आई, त्यातला का दिलास?"

"मग कुठला देऊ? पावण्यांना रोज त्यातलाच देतो की. शेजारच्या मडक्यातल्याचा चिखल झालाय."

"रोज? अगं, पण मडकं तर भरलेलं असतं!"

"संपत आलं की बाजारातनं नवा आणून भरतो. तुझी परीक्षा हाय, कमी पडाय नको."

परीक्षकांनी तोंडातला खडा सावकाश संपवला, वर पाणी प्यायले.

"निष्कर्ष बदलू नका," ते म्हणाले. "गूळ टिकलाच आहे. फक्त लाखेच्या जागी आईंचं नाव घाला, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर परत या."