आत दुमडायचं कापड

मी मूळचा गणेशपुरीच्या अलीकडचा, कुणब्याचा पोरगा, घरी भाताची शेती. शाळेत जायचो ते थोरल्या भावाच्या खाकी चड्डीत. आई ती खालून दुमडून टीप घालायची नि दर जूनला एक घडी सोडायची, मग जुन्या घडीच्या जागी गडद रेघ राहायची. कोणाच्या चड्डीला एक रेघ, कोणाच्या दोन. हसणार कोण कोणाला, सगळेच रेघांचे.

दहावीत गटांगळी खाल्ली तेव्हा मामाने भिवंडीत कापड विणायच्या लूमवर आणलं. तो आवाज मला सोसेना, काय सांगू तुम्हाला, झोपलो तरी कानात खडखड चालायची. मग मामानेच उस्मान मास्तरांच्या दुकानात बसवलं. ते मुलांचेच कपडे शिवायचे. मी पहिल्यांदा कात्री धरली तेव्हा हातावर फटका मारून म्हणाले, अरे, बच्चे का नाप आज का नहीं लेते, दो साल बाद का लेते हैं, वो जो अंदर मुडा हुआ कपडा है ना, वो तेरा नहीं, बच्चे का है. शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. लग्नाच्या ब्लाउजलाही कोणी ठेवणार नाही एवढी माया मास्तर शाळेच्या कपड्याला ठेवायचे. ते गेले, अल्ला त्यांना सुखी ठेवो. त्यांच्यासमोर आता पुढचं सांगायची माझी छाती झाली नसती.

शेलार रोडला माझं दुकान आहे, बायको सुनंदा काजबटणाचं बघते. गेल्या साली तिच्या बचत गटाकडे आमच्या सरकारी शाळेच्या गणवेशाचं काम आलं. कापड वरून आलेलं, शिवायच्या बाया, कापायला मी. कपडा एकावर एक थर लावून कापतात, वर एक रेघ मारली की खाली सगळ्या पोरींचं एकच माप. त्या वेळी मी खडूची रेघ आत घेतली. माया ठेवलीच नाही म्हणा ना, सुई जेमतेम धरेल एवढी. सुनंदाने पहिली कमीज हातात घेतली नि उलटी करून बघितली. अहो, खाली दुमड कुठाय? आणि बगलेत? मी म्हटलं, सरकारी हाय, पुढच्या साली नवा येणारच, मग कोणासाठी ठेवायची? ती म्हणाली, मास्तर असते तर कात्री फेकून मारली असती तुम्हाला. मी हसलो. उरलेल्या कापडाच्या उशांच्या खोळी शिवल्या, पाहुण्यारावळ्यांना वाटल्या, चांगल्या झाल्या म्हणाले सगळे.

यंदा जून आला, गणवेश आला नाही. शाळेत म्हणाले येईल, आज येईल, उद्या येईल. नि नियम तोच, गणवेश पाहिजेच. मग आया दुकानात यायला लागल्या, मास्तर, जरा खालून सोडा, बगलेत ढिली करा. मी उसवायचो नि नुसतं दाखवायचो, हे बघा, आत काहीच नाही. कोणी म्हणायची, आता कपडाच असा येतो. मी मान हलवायचो. आता नुसती मान हलवण्यात खोटं बोलणं आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

त्यात मंदाताई आली, दर्शनाला घेऊन. मंदाताई कारखान्यात कांडी भरते, म्हणजे लूमला लागतं ते सूत गुंडाळून देते. दर्शना आठवीत गेलेली. पोर एका वर्षात अशी उंच झाली की मी ओळखलीच नाही. कमीज काखेत काचायची, बाह्या मनगटाच्या वर गेलेल्या, आणि ती सारखी ओढणी सारखी करायची. मंदाताई म्हणाली, भाऊ, काय बी करा पन हिला ढिली करून द्या, हिचा बाप बोलतो असल्या कपड्यात घराभायेर पाय टाकायचा न्हाय, नि शाला बोलते दुसऱ्या कपड्यात यायचा न्हाय, मंग पोरीने जायचा कुठं? दर्शना म्हणाली, आये, गप गं, काका करतील.

काका काय करणार? बगलेत पट्ट्या जोडायच्या म्हटलं तर त्या रंगाचं कापड पाहिजे. अख्ख्या भिवंडीत रात्रंदिवस कपडा विणला जातो, पण तो कोरा, रंग बाहेर जाऊन चढतो. दुकानं फिरलो, जवळचा रंग मिळाला, तोच मिळाला नाही. नवी कमीज शिवून देता आली असती. सुनंदा म्हणाली पण, शिवा नवी, रंग थोडा वेगळा दिसला तर दिसू दे. मी म्हटलं, एकीला शिवली की बाकीच्या दारात उभ्या राहतील, विचारतील हिलाच का. खरं सांगू का, त्या विचारतील याचंच भ्या होतं, का म्हणून विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

त्या जवळच्या रंगाच्या पट्ट्या जोडल्या. ती घालून गेली. पोरींनी नाव ठेवलं रिक्षा, रिक्षा कशी दोन रंगांची असते ना, तशी. दर्शना म्हणे हसायची, बोला कुठं सोडू, मीटर टाकू का, म्हणायची. तिखट पोर. पण एक दिवस वर्गाच्या बाईंनी बाजूला घेतलं. बाई वाईट नाहीत हो, पण तपासणीला साहेब येणार होते. म्हणाल्या, बेटा, उद्याचा दिवस घरी राहा, परवापासून ये. ती तेवढा दिवस घरी राहिली. बाप म्हणाला, आता राहिलीस तशी घरीच राहा.

मी मंदाताईच्या घरी गेलो होतो. नवी कमीज शिवून घेऊन गेलो, पुरेपूर माया ठेवून. उशीरच झाला. दर्शना घरात नव्हती. मंदाताईने कमीज हातात घेतली, उलटी केली, आतली शिवण बघितली. कांडीवरची बाई, तिला कापड कळतं. मग म्हणाली, म्हंजे आत कापड ठेवता येते. मी उंबऱ्यावर उभा होतो, तिथूनच सांगितलं तिला सगळं, खडूची रेघ, उशांच्या खोळी, सगळं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, च्या घेनार का? मी नको म्हणालो नि परत आलो. कमीज तिथेच राहिली.

परवा दुपारी दर्शना दुकानात आली. काल्हेरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते, चुलत बहिणीच्या ओळखीने लागली, वय कोणी विचारलं नाही. म्हटलं, ती कमीज बसली का गं? म्हणाली, बसते, पन आता ती घालून जाऊ कुठं? मग पिशवीतून केशरी जॅकेट काढलं, तिथे सगळ्यांना घालावं लागतं. पहिल्याच दिवशी दिलं काका, न मागता, म्हणाली. बाप्यामाणसाच्या मापाचं होतं. म्हणाली, खांद्यात बारीक करून द्या, बाह्या लांब होतात, खोकी चिकटवायच्या टेपमध्ये अडकतात. मी मापाची टेप घेतली, खडू घेतला. ती म्हणाली, काका, कापू नका हां. आत दुमडा. मी वाढनार हाय अजून.

ती हे मला टोचायला बोलली की सहज, मला कळलं नाही, आईने तिला सांगितलं असेल की नसेल तेही नाही. मी दुमडलं. चार बोटं आत ठेवलं, टीप हलकी घातली, पाहिजे तेव्हा ओढली की सुटेल अशी. तिने घालून बघितलं, आरशात वळून बघितलं, म्हणाली, बराबर. गेली.

अजून मशीनवर बसतोच मी, दुसरं येतं काय मला? शाळेचा गणवेश आला की नाही, मी विचारायला जात नाही. एवढंच म्हणतो, ती पोर वाढू दे, त्या जॅकेटात मावणार नाही इतकी वाढू दे. नि तेव्हा ते सैल करायला ती माझ्याकडे न येवो, तोवर ते तिच्या अंगावरून उतरलेलं असो.