विशाखापट्टणमचा सूर्यास्त
आमच्या विशाखापट्टणमच्या सहलीची गंमत सांगतो. लग्नानंतर वर्षभर मी अमेरिकेच्या वेळेवर रात्रपाळी करत होतो, त्यामुळे नेहाबरोबर एक संध्याकाळ निवांत मिळाली नव्हती. डिसेंबरात सुट्टी मिळताच पुण्याहून तिला तिकडे नेलं. समुद्रात बुडणारा सूर्य तिला दाखवायचा म्हणून वाळूत बसलो. सूर्य दिसेना आणि अंधार पडायला लागला. नेहाने मागे वळून पाहिलं.

"अहो, तो मागच्या डोंगराआड केव्हाच गेला. हे कोकण नाही, इथे समुद्र पूर्वेला आहे. अमेरिकेत किती वाजले ते तोंडपाठ, आणि पूर्व-पश्चिम कळत नाही?"

मी ओशाळलो, ती मात्र पोट धरून हसत सुटली. पहाटे तिनेच मला उठवून किनाऱ्यावर नेलं. लालबुंद सूर्य पाण्यातून वर आला.

"दाखवला की नाही?" मी म्हटलं.

माझ्या खांद्यावर डोकं टेकत ती म्हणाली, "दाखवलात. फक्त उलटा दाखवलात."