चोरीला गेलेला सर्व्हर हिरवा झाला

नाव वेगळ्या पानावर दिले आहे. वय ३४, काम छापखान्यातील संगणक सांभाळणे, राहणार छापखान्याच्या मागे, सासऱ्यांच्या घरी. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

छापखाना सासऱ्यांचा आहे. लोक मला घरजावई म्हणतात. मीच आधी म्हणून टाकतो, म्हणजे पुढच्याला मजा उरत नाही. सगळी कामं ज्या सर्व्हरवर असतात, त्याच्या नेटवर्कच्या दोन जोडण्या चालू आहेत की बंद ते माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिसतं. चालू असली की ओळ हिरवी, बंद पडली की लाल. दिवसभर तेवढंच बघायचं. बायको म्हणते, सिग्नलवरचा पोलीससुद्धा तुमच्यापेक्षा जास्त हलतो.

सोमवारी सकाळी सर्व्हर जागेवर नव्हता. त्या खोलीची किल्ली स्टोअरकीपर काकांकडे असते, म्हणून सासऱ्यांनी त्यांचं नाव घेतलं. काकांना इथं ठाण्यात आणलं, ते अजून इथंच आहेत. सर्व्हरच्या विम्याच्या पैशांसाठी सासऱ्यांचा अर्ज त्याच दुपारी गेला. सर्व्हरच्या लाल झालेल्या ओळी मी स्क्रीनवरून काढल्या नव्हत्या. आळस, दुसरं काही नाही.

बुधवारी आपले हवालदार पंचनाम्याला आले असताना त्यातली एक ओळ हिरवी झाली. मी वेड्यासारखा ओरडलो की सर्व्हर सापडला. मला खरंच आनंद झाला होता. सासरे म्हणाले, स्क्रीन बिघडलाय, बंद करा तो. मी जोडणीचा क्रमांक ताडून पाहिला. तो यंत्र बनतं त्या कारखान्यातूनच येतो, दोन यंत्रांना एकच नसतो. मग केबल कुठून येते ते पाहिलं. ती आमच्या घरातून येत होती.

मी घरी गेलो. सासऱ्यांच्या खोलीत, पलंगामागे, चादरीखाली सर्व्हर चालू होता. अडकलेल्या ऑर्डरींच्या फायली हव्या होत्या म्हणून त्यांनी तो जोडला असावा. घरातली केबल छापखान्याच्या नेटवर्कलाच जोडलेली आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

बायको माझ्या मागोमाग आली होती. तिनं चादर पाहिली. एवढंच म्हणाली, "काकांच्या घरी दोन दिवस चूल पेटलेली नाही. खरं ते सांगून या. कुठं राहायचं ते मग बघू."

काकांनी चोरी केलेली नाही. सासऱ्यांनी मला आजवर पोटच्या पोरासारखं वागवलं, म्हणून हे सांगताना जीव तुटतो.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, 'सासरे' खोडून 'मालक' लिहू का. मी म्हटलं, नको, सासरेच राहू द्या.