साहेबांची काळी गाडी

स्कूटरच्या डिकीचा रंग वाळेपर्यंत मी बाळाला मांडीवर घेऊन नाशिकच्या त्या गॅरेजमधल्या बाकावर बसले होते. शेजारी चांदवडकडच्या कुसाबाई आणि त्यांचा मुलगा महेश. नावं त्यांच्या बोलण्यातूनच कळली. समोर काळी गाडी, आणि तिच्या बॉनेटभर गोल गोल ओरखडे.

"आई, अगं राखेनं गाडी घासतात का?"

"राख चाळून घेतली होती मी. अन् नुसती राख नाय, काथ्या बी नवा काढला."

"गाडी आमच्या साहेबांची आहे. आज संध्याकाळी परत द्यायचीय."

"तुझ्या ताईचं बाळ पहिल्यांदा घरी यायचं होतं त्यात. धुळीत बसवू का लेकराला?"

"मिस्त्री, हे निघेल का हो?"

"नख फिरवून बघा. अडकतंय?"

"नाही."

"मग वरच्यावरच आहे. मशीन मारतो, जाईल."

मी बाळाचे कान झाकले. मशीन बराच वेळ घरघरलं. मग मिस्त्रीनं फडकं फिरवलं.

"म्हेश, आरं माझं कुंकू दिसतंय बघ यात."

"हात लावू नकोस, आई."

"लावत नाय. लांबूनच बघती."

"काकू, शोरूममधून आणली तेव्हाही एवढी चमकली नसेल."

"तेच तर, मिस्त्री. आता साहेब विचारतील, गाडीला काय केलंस म्हणून. काय सांगू?"

"सांग की, आईनं धुतली."