एक जूनच्या दोन कामिनी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय भूपेंद्रभाई, प्राचार्य साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले हेडक्लार्क हिंमतराव भाऊसाहेब, त्यांच्या शेजारी सरलाकाकू, आणि समोर बसलेल्या सगळ्यांना गायत्री इंद्रसिंग पावराचा नमस्कार.

मी या कॉलेजची नाही. शाळा मी नववीतच सोडली. आईबाप मजुरीला गुजरातला जायचे, घरी धाकटे दोघं होते. माइक आज पहिल्यांदाच धरलाय. पण बोलायचंच आहे.

मागच्या जुलैत माझी मोठी बहीण कामिनी इथं बीएस्सीला आली. विद्यापीठाच्या साइटवर विषय निवडायचे होते. सकाळी हिनं वनस्पतीशास्त्र निवडलं. दुपारी बघतो तर तिथं इतिहास. परत बदललं, परत इतिहास. आम्हाला वाटलं, साइटला भूत लागलं.

भूत नव्हतं, दुसरी कामिनी होती. तीही कामिनी इंद्रसिंग पावरा, आमच्याच आश्रमशाळेतली, तीही याच कॉलेजात, बीएला. आणि दोघींची जन्मतारीख एक जून. आता आमच्या डोंगरात जन्मतारीख कोण लिहून ठेवतं? आश्रमशाळेत गुरुजींनी सगळ्यांनाच एक जून दिली. गाव वेगळं, आईचं नाव वेगळं, पण ते बघायला साइटला सवड नव्हती. तिनं दोघींची एकच मुलगी करून टाकली.

भाऊसाहेबांनी पत्रं पाठवली. उत्तर आलं, सिस्टीम एकच विद्यार्थिनी दाखवते. शेवटच्या दिवशी, पाचला साइट बंद होणार, तेव्हा साडेतीनला त्यांनी दोघींना टेबलापुढं उभं केलं आणि विद्यापीठातल्या साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. साहेब म्हणाले, "यातली खरी कोणती?"

भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, दोन्ही खऱ्या. मोजून घ्या."

साहेब ऐकेनात. दोघींना ओळखणारं कोणी आहे का, म्हणाले. बहिणीसोबत आलेली मी खाली मान घालून बाकावर बसले होते. भाऊसाहेब माझ्याकडे वळले, "ओ माय, तू सांग ना. तू वळखस ना दोन्हीस्ले?"

शाळेत गुरुजींनी काही विचारलं तर मी जमिनीकडे बघायचे. त्या दिवशी कसं काय तोंड उघडलं, देव जाणे. मी म्हटलं, "साहेब, आश्रमशाळेत मी या दोघींच्या मधे झोपायचे. एक घोरते, एक झोपेत भांडते. घोरते ती माझी बहीण."

साहेब इतके हसले की त्यांचा फोन पडला. सव्वाचारला दोन कामिनी झाल्या. एकीला वनस्पतीशास्त्र, एकीला इतिहास. माझी बहीण मात्र आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ती बघा, तिसऱ्या रांगेत, आजही तोंड लपवतेय.

आम्ही निघालो तर भाऊसाहेब म्हणाले, "आन तुन्हा फॉर्म कोठे शे?" मी म्हटलं, माझं राहिलं ते राहिलं. ते म्हणाले, "जी एवढ्या मोठ्या साहेबापुढं बोलली, ती दहावीच्या पेपराला घाबरेल का?" त्यांनी बाहेरून परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला. फेब्रुवारीत माझ्या हॉल तिकिटावर फोटोच आला नाही, तेव्हा सुट्टी टाकून, दोन एसटी बदलून भाऊसाहेबच बोर्डाच्या ऑफिसातून ते दुरुस्त करून आले.

सरलाकाकूंनी मला एक गोष्ट सांगितली. भाऊसाहेबांचीही जन्मतारीख एक जूनच, तीही गुरुजींनीच दिलेली. म्हणून तर आज एकतीस मेला निरोप. त्यांची आई सांगायची, पोरगा त्याच्या आदल्या कापूस वेचणीत, म्हणजे नोव्हेंबरात झाला. खरी तारीख लागली असती तर भाऊसाहेब नोव्हेंबरमध्येच घरी बसले असते. मग फेब्रुवारीत माझ्यासाठी कोण धावलं असतं? त्या तारखेला मी फार शिव्या दिल्या होत्या. आज सगळ्या परत घेते.

या महिन्यात निकाल लागला. मी पास झाले, एकसष्ट टक्के.

उद्या एक जून. भाऊसाहेबांचा, दोन्ही कामिनींचा आणि माझाही वाढदिवस. भाऊसाहेब, उद्या तुम्ही आराम करा. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म मी माझ्या हातानं भरणार आहे. अडला तर मात्र घरी येईन. काकूंनी चहा कबूल केलाय.

मला बोलू दिलंत, तुमचे आभार मानते. बोलण्यात उणंदुणं झालं असेल तर पहिलीच वेळ म्हणून पोटात घाला. नमस्कार.